कॉम्प्युटर चालू व्हायला सहा-सात मिनिटं लागतात? आधी वेळ कुठे जातोय ते मोजा

प्रश्न थोडक्यात असा आहे: २०१७ सालचा लॅपटॉप, आय थ्री सहाव्या जनरेशनचा, ४ जीबी रॅम, १ टीबी हार्ड डिस्क, विंडोज १०. बटण दाबल्यापासून काम सुरू करता येईपर्यंत सहा-सात मिनिटं जातात. अँटीव्हायरस बदलून झाला, टेम्प फाइल्स उडवून झाल्या, एकदा फॉरमॅट पण मारून झाला, त्यानंतर थोडे दिवस बरा चालला आणि परत ये रे माझ्या मागल्या. दुकानदार म्हणतो जुना झाला, नवीन घ्या. तर घ्यावा का?

माझं मत, लगेच घेऊ नका. एवढ्या वर्णनावरूनच मला नव्वद टक्के अंदाज आलाय की भानगड कुठे आहे, पण अंदाजावर पैसे खर्च करायचे नसतात म्हणून आधी एक बिनपैशाचं काम सांगतो. मोबाईलचं स्टॉपवॉच घ्या आणि तीन टप्प्यांची वेळ वेगवेगळी मोजा. पहिला टप्पा म्हणजे बटण दाबल्यापासून कंपनीच्या लोगोखाली ते गोल फिरणारे ठिपके दिसायला लागेपर्यंत. दुसरा, ठिपके सुरू झाल्यापासून पासवर्ड मागेपर्यंत. तिसरा, पासवर्ड टाकल्यापासून ब्राउझर उघडून एखादं पेज नीट दिसेपर्यंत. लोक "चालू व्हायला वेळ लागतो" एवढंच सांगतात पण या तिन्हीची दुखणी वेगळी आणि औषधंही वेगळी, आणि नेटवर जे दहा-बारा उपाय सापडतात ते जवळजवळ सगळे तिसऱ्या टप्प्याचे असतात. ज्याचा वेळ पहिल्या टप्प्यात जातोय त्याने ते सगळे केले तरी एक सेकंद वाचणार नाही.

मोजताना अजून एक गोष्ट. विंडोज ८ पासून, म्हणजे २०१२ पासून, फास्ट स्टार्टअप नावाचा प्रकार आला. त्यात तुम्ही शटडाऊन करता तेव्हा मशीन पूर्ण बंद होतच नाही, तुमचे प्रोग्रॅम बंद होतात पण विंडोजचा गाभा आणि ड्रायव्हर जसेच्या तसे डिस्कवर एका फाइलमध्ये लिहून ठेवले जातात आणि दुसऱ्या दिवशी तिथूनच परत उचलले जातात. म्हणून टास्क मॅनेजरमध्ये (कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकत्र दाबा) परफॉर्मन्स टॅबवर सीपीयूच्या खाली "अप टाइम" बघा, रोज बंद करणाऱ्यांचासुद्धा आठ-दहा दिवस दाखवतो आणि लोक चक्रावतात. रिस्टार्ट केलं की मात्र सगळं खरोखर पहिल्यापासून सुरू होतं. त्यामुळे एकदा शटडाऊन करून मोजा आणि एकदा रिस्टार्ट करून मोजा. रिस्टार्टनंतर मशीन दिवसभर बरं चालत असेल तर कुठलातरी ड्रायव्हर नाहीतर सर्व्हिस दिवसेंदिवस सडत बसलेली असते, अशांनी आठवड्यातून एकदा रिस्टार्टच करावं. हार्ड डिस्कवाल्या मशीनवर फास्ट स्टार्टअप चालूच ठेवा, त्याचा खरा फायदा तिथेच आहे. एसएसडी (फिरणारे भाग नसलेली, चिपवर डेटा ठेवणारी डिस्क) असेल आणि काही गडबड होत असेल, किंवा सोबत लिनक्स (विंडोजसारखीच दुसरी, फुकट सिस्टिम) टाकलेलं असेल, तर बंद करा, दोन-चार सेकंदांचाच फरक पडेल.

आता पहिला टप्पा. टास्क मॅनेजर उघडा, स्टार्टअप टॅबवर जा, वर उजव्या कोपऱ्यात "लास्ट बायोस टाइम" म्हणून सेकंद दिलेले असतात. बायोस म्हणजे विंडोजच्या आधी चालणारा मदरबोर्डवरचा छोटा प्रोग्रॅम. पाच ते पंधरा सेकंद ठीक, वीसच्या वर असेल तर विंडोजला हातच लावू नका, दोष त्याच्या आधीच आहे. आकडाच दिसत नसेल तर मशीन लेगसी मोडमध्ये, म्हणजे चालू व्हायच्या जुन्या पद्धतीत आहे. आपल्याकडे डॉसवाला (विंडोज न टाकता विकलेला) लॅपटॉप स्वस्त पडतो म्हणून घेतलेला असतो आणि मग दुकानात कुणीतरी त्यात लेगसी मोडमध्ये विंडोज टाकून दिलेलं असतं, असे खूप आहेत. बायोसमध्ये वेळ जायची कारणं साधी असतात: कायमचा लावून ठेवलेला पेनड्राइव्ह किंवा एक्स्टर्नल डिस्क, बूट ऑर्डरमध्ये (विंडोज कुठे कुठे शोधायचं त्या क्रमात) सगळ्यात वर नेटवर्क बूट, आणि डेस्कटॉपला हमखास सापडणारी मेलेली बायोसची बॅटरी, तीच ती नाण्याएवढी तीन व्होल्टची सीआर २०३२. रोज सकाळी तारीख चुकलेली दिसते, एफ १ दाबा म्हणतो, माणसं वर्षानुवर्षं एफ १ दाबत राहतात पण घड्याळाच्या दुकानात मिळणारी बॅटरी बदलत नाहीत. आणि एक कारण गंभीर: मरायला टेकलेली हार्ड डिस्क. बायोस तिला हाक मारतो, ती उत्तरच देत नाही, तो थांबून राहतो. (अगदी नवीन डेस्कटॉप, डीडीआर ५ रॅमचा, पहिल्यांदा चालू करताना काळी स्क्रीन घेऊन मिनिट-दोन मिनिटं बसला तर घाबरू नका, ते रॅमचं ट्रेनिंग चाललेलं असतं. रोजच तसं होत असेल तर मात्र बायोस अपडेट बघा.)

तुमच्या केसमध्ये मला वाटतं दुसरा आणि तिसरा टप्पा मिळून पाच-साडेपाच मिनिटं खातायत. आणि ते का, हे जरा सविस्तर सांगतो कारण हे एकदा समजलं की बाकीचे उपाय का चालत नाहीत ते आपोआप कळतं.

लॅपटॉपची हार्ड डिस्क साधारण ५४०० आरपीएमची असते, म्हणजे सेकंदाला ९० फेऱ्या. एक फेरी ११ मिलिसेकंदांची. हवा तो डेटा डोक्याखाली यायला सरासरी अर्धी फेरी, म्हणजे साडेपाच मिलिसेकंद, आणि त्याआधी ते वाचणारं डोकं योग्य जागी सरकायला साधारण दहा-बारा. म्हणजे विखुरलेली एक छोटी फाइल वाचायला सोळा-सतरा मिलिसेकंद गेले, सेकंदाला जेमतेम साठ फाइल्स. कंपनी खोक्यावर शंभर एमबी पर सेकंद लिहिते ते खोटं नसतं, पण तो वेग एकच मोठी फाइल सलग वाचतानाचा आहे, सिनेमा कॉपी करतानाचा. विंडोज चालू होताना सिनेमा वाचायचा नसतो, हजारो बारीक बारीक तुकडे वाचायचे असतात, डिस्कभर पसरलेले. समजा वीस हजार वाचनं झाली, साठने भागा, साडेपाच मिनिटं. हा हिशेब ढोबळ आहे, पण तुमची सहा-सात मिनिटं कुठून येतात ते त्यात दिसतं. तीच वीस हजार वाचनं साध्या साटा एसएसडीवर (साटा म्हणजे हार्ड डिस्क लागते तेच कनेक्शन), जिथे एका वाचनाला मिलिसेकंदाचा दहावा भाग लागतो, दोन सेकंदांत होतात. त्यात फिरणारं काही नाही ना, वाट कशाची बघायची.

आणि म्हणूनच फॉरमॅटनंतर थोडे दिवस बरं वाटलं. तेव्हा फाइल्स कमी होत्या, जवळजवळ होत्या, अपडेट आले नव्हते, स्टार्टअपला कुणी चिकटलेलं नव्हतं. मग सगळं परत जमा झालं. विंडोज ७ च्या काळात ही डिस्क पुरायची, विंडोज १० मात्र मागे सतत काहीतरी करत असतो, अपडेट तपासणं, डिफेंडरचं स्कॅन, सर्च इंडेक्स, आणि हे सगळे एकाच खिडकीवर रांग लावतात जिथे सेकंदाला साठच टोकन फाटतात. लॉगिन झाल्यावर टास्क मॅनेजरमध्ये डिस्क १०० टक्के आणि सीपीयू १५-२० टक्के दिसत असेल तर निदान झालं समजा. प्रोसेसर बिचारा रिकामा बसलाय.

एसएसडी घ्यायच्या आधी जुन्या डिस्कची तब्येत बघून घ्या, क्रिस्टलडिस्कइन्फो नावाचं फुकट सॉफ्टवेअर आहे. निळं "गुड" दिसलं तर ठीक. पिवळं "कॉशन" आलं किंवा रिअलोकेटेड सेक्टर, पेंडिंग सेक्टर (डिस्कवरच्या खराब आणि संशयास्पद जागा) या ओळींमध्ये आकडे वाढत असतील तर बाकी सगळं सोडा आणि आधी फोटो, कागदपत्रं, टॅलीचा डेटा दुसरीकडे कॉपी करा. अशा डिस्कवर चेकडिस्क (चुका तपासणं) किंवा डिफ्रॅग (विखुरलेल्या फाइल्स जवळ आणणं) चालवू नका, आधीच धापा टाकणाऱ्या डिस्कला रात्रभर राबवलं की ती सकाळपर्यंत राहील याची खात्री नाही. लाइट जाते, डेस्कटॉपला यूपीएस नसतो नाहीतर त्याची बॅटरी कधीच गेलेली असते, लॅपटॉपची बॅटरी काढून थेट चार्जरवर चालवणारे पण आहेत, अशा मशीनवर चालू होताना "स्कॅनिंग अँड रिपेअरिंग ड्राइव्ह" वारंवार येतं. ते कधीतरी आलं तर चालतं, रोज यायला लागलं तर बॅकअप घ्यायची वेळ झाली.

आता एसएसडी कुठली. तुमच्या लॅपटॉपच्या वयाचा विचार करता अडीच इंची साटा एसएसडी, सात मिलिमीटर जाडीची, जुन्या डिस्कच्या जागी जशीच्या तशी बसेल. २५६ जीबी घेतली तरी विंडोज आणि ऑफिसकामाला पुरते, जमत असेल तर ५१२ घ्या. एम डॉट टू स्लॉट (पट्टीसारखी छोटी एसएसडी बसते तो) असेल तर सावध राहा, त्या एकाच दिसणाऱ्या स्लॉटमध्ये काही मॉडेलला फक्त साटा चालते, काहींना एनव्हीएमई (साटापेक्षा वेगवान जात), मॉडेल नंबर टाकून आधी बघा. दुकानदार एनव्हीएमई सहापट फास्ट म्हणून सांगेल, कागदावर ते खरं आहे, साटा साडेपाचशे एमबीच्या आसपास थांबते आणि एनव्हीएमई साडेतीन हजारापर्यंत जाते, पण चालू व्हायच्या वेळेत फरक दोन-चार सेकंदांचा. खरी उडी हार्ड डिस्कवरून कुठल्याही एसएसडीवर येताना बसते. ऑनलाइन कवडीमोलात दोन-चार टीबीची बिननावाची एसएसडी दिसली तर लांब राहा, आत मेमरी कार्ड निघतं. भाव वर-खाली होत असतात म्हणून इथे आकडा लिहीत नाही, दोन दुकानांत विचारा आणि वॉरंटीचं पक्कं बिल घ्या.

जुनी १ टीबी डिस्क फेकायची नाही. लॅपटॉपला डीव्हीडी ड्राइव्ह असेल तर तो काढून त्या जागी कॅडी (डिस्क बसवायची चौकट) बसते, साडेनऊ आणि पावणेतेरा मिलिमीटर अशा दोन जाडीच्या येतात, मोजून घ्या. एसएसडी मूळ जागी आणि जुनी डिस्क कॅडीत, उलटं नको, कारण काही मॉडेलला डीव्हीडीच्या कनेक्शनचा वेग कमी असतो. डिस्कची तब्येत खराब असेल तर मात्र कॅडीतही लावू नका, नाहीतर बायोस तिच्यासाठी थांबत राहील आणि तुम्ही म्हणाल एसएसडी टाकून पण फरक नाही.

क्लोन करू (जुनी डिस्क जशीच्या तशी एसएसडीवर उतरवू) का नवीन विंडोज टाकू, हा पुढचा प्रश्न येतोच. घरचं मशीन असेल तर नवीन टाका. मायक्रोसॉफ्टच्या साइटवरून ८ जीबीच्या पेनड्राइव्हवर इन्स्टॉलर बनतो, विंडोज आधी रीतसर ॲक्टिव्हेट असेल तर लायसन्स मदरबोर्डला जोडलेलं असतं, की विचारली तर "माझ्याकडे नाही" म्हणून पुढे जा, नेट लागलं की आपोआप ॲक्टिव्हेट होतं. सीएचं ऑफिस, सेतू केंद्र, डीटीपीवाला असेल तर क्लोन बरं, कारण तिथे वर्षानुवर्षं बसवलेल्या गोष्टी असतात, प्रिंटरच्या सेटिंग, अंगठ्याच्या मशीनचे ड्रायव्हर, डिजिटल सहीच्या टोकनचा ड्रायव्हर, श्रीलिपीचे फॉन्ट. (सही टोकनच्या आतच असते, ती जात नाही, फक्त ड्रायव्हर परत टाकावा लागतो, यावरून घाबरणारे बरेच भेटतात.) क्लोनसाठी यूएसबी ते साटा केबल लागते, सॉफ्टवेअर बहुतेक एसएसडी कंपन्या स्वतःचं देतात, नाहीतर क्लोनझिला आहे. एक मात्र बघाच: बिटलॉकर किंवा डिव्हाइस एन्क्रिप्शन (डिस्कवरचा डेटा कुलूपबंद करणारी सोय) चालू आहे का. असेल तर रिकव्हरी की लिहून ठेवा, ती मायक्रोसॉफ्ट अकाउंटमध्ये असते, आणि एन्क्रिप्शन बंद करून मगच पुढे जा. ४८ आकड्यांची ती की नसली तर डेटा कुणीही काढून देऊ शकत नाही, कितीही मोठं दुकान असो.

रॅमचं काय? ४ जीबी विंडोज १० ला कमी आहे. लॉगिननंतर मेमरी ८०-८५ टक्के भरलेली दिसेल, मग विंडोज उरलेलं डिस्कवर ढकलतो आणि डिस्क आधीच रडतेय. टास्क मॅनेजरमध्ये मेमरीवर क्लिक केलं की किती स्लॉट आहेत आणि किती भरलेत ते लिहिलेलं असतं. एक रिकामा असेल तर अजून ४ नाहीतर ८ टाका. तुमच्या जनरेशनला काही मॉडेलमध्ये डीडीआर ३ एल आणि काहींमध्ये डीडीआर ४ आहे, एकाची दुसऱ्यात बसत नाही, जुनी काढून दाखवूनच घ्या. पैसे एकाच गोष्टीचे असतील तर आधी एसएसडी, रॅम पुढच्या महिन्यात. दुकानात उलटा सल्ला मिळतो कारण रॅम दोन मिनिटांत बसते.

सॉफ्टवेअरची कामं आता सांगतो, एसएसडी येईपर्यंत तरी करता येतील. स्टार्टअप टॅबवर "इम्पॅक्ट" बघा. हाय म्हणजे तो प्रोग्रॅम चालू होताना एक सेकंदापेक्षा जास्त सीपीयू किंवा ३ एमबीपेक्षा जास्त डिस्क वाचन घेतो. मीटिंगचे ॲप, गाण्यांचे ॲप, गेमचे लाँचर, टोरंट, प्रिंटर कंपनीचे "शाई संपत आली" सांगणारे, पीडीएफवाल्यांचे अपडेटर, हे सगळे बिनधास्त डिसेबल करा, प्रोग्रॅम जात नाही, फक्त आपणहून सुरू होत नाही. टचपॅड, साऊंड आणि अँटीव्हायरसला हात लावू नका. क्रोमच्या सेटिंगमध्ये सिस्टिमखाली ब्राउझर बंद केल्यावरही मागे चालू राहायची परवानगी असते ती काढा, एजमध्ये स्टार्टअप बूस्ट बंद करा. आणि सेटिंगमध्ये साइन-इन ऑप्शन्सला "रिस्टार्ट ॲप्स" आहे, काल उघडे होते ते प्रोग्रॅम आज परत उघडणारं, ते बंद.

अँटीव्हायरस एकच. विंडोजचा डिफेंडर घरगुती वापराला पुरेसा आहे. लॅपटॉपबरोबर आलेला ट्रायल संपलेला एक, भावाने टाकलेला क्रॅकवाला दुसरा, असे दोन असतील तर एक फाइल दोघे तपासतात. फ्लेक्स आणि डीटीपीवाल्यांसाठी खास: दोन-तीन हजार फॉन्ट टाकून ठेवलेले असतात, कुणी तरी डीव्हीडीवर दिलेले, त्यातले वापरात वीस. विंडोजला सगळ्यांची नोंद सांभाळावी लागते आणि डीटीपीची सॉफ्टवेअर उघडताना तर जास्तच जड जातात. नको ते एका फोल्डरला काढून ठेवा.

एवढं करूनही एसएसडीवाल्या मशीनला दुसरा टप्पा लांबत असेल तर इव्हेंट व्ह्यूअरमध्ये जा, ॲप्लिकेशन्स अँड सर्व्हिसेस लॉग्ज, मायक्रोसॉफ्ट, विंडोज, डायग्नॉस्टिक्स-परफॉर्मन्स, ऑपरेशनल. तिथे १०० नंबरची नोंद म्हणजे एकूण बूटचा वेळ मिलिसेकंदांत, १०१ म्हणजे कुठल्या प्रोग्रॅमने उशीर केला, १०२ ड्रायव्हरने, १०३ सर्व्हिसने. नावानिशी लिहिलेलं असतं. हे विंडोजमध्ये इतकी वर्षं आहे आणि तरी लोक नेटवर बूस्टर शोधत फिरतात. टास्क मॅनेजरमध्ये न दिसणारे चिवट लोक पकडायचे असतील तर ऑटोरन्स वापरा, सिसइंटर्नल्सचं टूल आहे, २००६ पासून ते मायक्रोसॉफ्टकडेच आहे, फुकट आहे. त्यात समजत नसलेल्या ओळीची टिक काढू नका आणि काही डिलीट तर अजिबात करू नका.

काय करू नये तेही सांगतो, कारण हे उपाय व्हॉट्सॲपवर फिरत असतात. एमएसकॉन्फिगमध्ये (विंडोज चालू व्हायच्या सेटिंगची खिडकी) बूट टॅबला प्रोसेसरची संख्या निवडून "स्पीड वाढवा" हा सगळ्यात लाडका. तो पर्याय प्रोसेसर कमी करून टेस्ट करायला आहे, वाढवायला नाही, विंडोज तसेही सगळे कोअर वापरतोच. चुकून एक निवडून ठेवला की मशीन रांगायला लागतं. प्रीफेच फोल्डर रिकामा करणं हाही उलटा प्रकार, त्यात विंडोजने कुठली फाइल आधी लागते याच्या नोंदी ठेवलेल्या असतात, त्या उडवल्या की पुढचे काही दिवस अजून हळू. रजिस्ट्री क्लीनरने चालू व्हायचा वेळ कमी होत नाही, काहीतरी मोडतं तेवढंच. एसएसडीला डिफ्रॅगचं वेगळं सॉफ्टवेअर नको, विंडोजचं ऑप्टिमाइझ तिला ओळखून ट्रिम करतं (कुठली जागा रिकामी झाली ते तिला सांगतं) ते पुरे. आणि डेस्कटॉपवर उजवं क्लिक करून दहा वेळा रिफ्रेश मारणं... मारा, मन रमतं.

राहता राहिला विंडोजचा प्रश्न. विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि विंडोज ११ ला इंटेलची साधारण आठवी जनरेशन आणि टीपीएम २.० (सुरक्षेची चिप) लागतं, तुमची सहावी, म्हणजे रीतसर बसत नाही. जुगाड करून टाकता येतं पण अपडेटची हमी नाही, बँकेचं काम करणाऱ्याला मी ते टाकून देत नाही. मायक्रोसॉफ्टची वाढीव सुरक्षा अपडेटची योजना आहे, तिचे पर्याय सेटिंगमध्ये अपडेटच्या पानावर दिसतात, सध्या ते घ्या. टॅली किंवा श्रीलिपीसारखं काही लागत नसेल, नुसतं ब्राउझर, मेल, युट्यूब असेल तर एसएसडीवर लिनक्स मिंट टाकून बघा, पेनड्राइव्हवरून इन्स्टॉल न करताही चालवून बघता येतं, वायफाय आणि प्रिंटर चालतो का ते तिथेच कळेल. एसएसडी उद्या नवीन लॅपटॉप घेतला तरी वाया जात नाही, साध्या केसिंगमध्ये टाकून तिची एक्स्टर्नल डिस्क होते. पण बिजागरी तुटली असेल, बॅटरी फुगली असेल, कीबोर्डची बटणं जात असतील तर या मशीनवर पैसे घालू नका, तिथे दुकानदाराचं बरोबर आहे.